नाव कमी करण्याचा अर्ज

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. भडगाव

"आठवन उनी ते ये, नई उनी ते नको येऊ."

लग्नानंतर पहिल्यांदा सुरतेला निघाले, तेव्हा माय भडगावच्या स्टँडवर हे बोलली होती. आठवण आली तर ये, नाही आली तर नको येऊ. पोचवायला आलेल्या बायका हसल्या होत्या. चारचौघींत डोळ्यांत पाणी नको म्हणून बोलली असेल, असं मला वाटलं. त्याला चोवीस वर्षं झाली. ती थट्टा होती की परवानगी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज दुपारी पोचले. मायला सुरतेला न्यायला आले आहे. पाहुणी म्हणून नाही, कायमची. दिवाळीत ती मोरीत घसरून पडली आणि दीड दिवस कुणाला बोलली नाही. शेजारच्या शेवंताबाईंनी फोन केला तेव्हा मला कळलं. गुडघ्याचं ऑपरेशन सुरतेच्या सरकारी दवाखान्यात होईल. पण त्यासाठी तिथलं दवाखान्याचं कार्ड हवं, त्या कार्डासाठी तिथल्या रेशनकार्डात नाव हवं, आणि तिथं नाव चढवायचं तर इथलं नाव कमी केल्याचा दाखला हवा. आधारचा पत्ताही बदलायचा. माणूस एका वेळी दोन राज्यांत राहू शकत नाही. कागदावर तरी नाही.

फ्लॅटमधली मागची खोली मी आधीच रिकामी करून ठेवली आहे. खिडकीला जाळी बसवून घेतली. खाली बाग आहे, संध्याकाळी म्हाताऱ्या बायका बसतात. मी कधी त्यांच्याशी बोलले नाही, पण माय बोलेल. मग कुकर दोघींचा लागेल.

सगळं पंधरा दिवसांचं काम आहे. बंगळुरूच्या माझ्या लेकीने, रूपाने, तिच्या ऑफिसची ही कोरी डायरी दिली होती, ती याच कामासाठी घेतली. कागदांची नोंद राहावी म्हणून.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मायला घेऊन सेवा केंद्रात गेले. केंद्र चालवणारा हिलाल शाळेत माझ्या मागे दोन वर्षं होता. आता चष्मा, पोट, आणि दारात गर्दी. मला ओळखलं, पण माझं आधार कार्ड पाहून हसला.

"सारिकाबेन भूपेंद्रभाई? ताई, तुम्ही तर पार गुजराती झाल्या!"

तिकडे नावाला बेन आणि भाई लावूनच कागद होतात. मी कधी हरकत घेतली नाही. सुरुवातीला मजा वाटायची, आणि मग सवय झाली.

हिलालने मायला अर्ज समजावून सांगितला. "आक्का, आधी आधारचा पत्ता बदलू, मग रेशनकार्डातून तुमचं नाव कमी करू."

"कमी?" माय खुर्चीतून अर्धी उठली. "मी मरी गई का?"

"तसं नई आक्का. फक्त अठलं कमी करानं. तठे वाढी."

"अठे कमी आन तठे जास्ती. मी काय साखर शे का रे?"

रांगेतली माणसं हसली. मलाही हसू आलं.

पत्ता माझ्या आधारवरून घ्यायचा असल्याने माझ्या नावावर ओटीपी येणार होता. तो यांच्या मोबाइलवर जातो. माझं आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता. फोन लावला.

"अहो, सहा आकडे आले असतील, सांगा."

"चार आठ दोन, दोन सात एक."

"जेवलात?"

"कामात आहे गं."

हे दीड वर्षापासून वापीला असतात, रंगाच्या कारखान्यात. रविवारी येतात. दर रविवारी जमत नाही.

मग मायची बोटं घ्यायला सुरुवात झाली. दहाच्या दहा बोटं ठेवून पाहिली, मशीन एकही घेईना. हिलाल म्हणाला, शेतात राबलेल्या माणसांचं असंच होतं, रेषा झिजतात. माय म्हणाली, "हिलाल, तुन्हा कंप्युटरले मी आवडत नई वाटस."

८ फेब्रुवारी, शनिवार

मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं. सकाळ-संध्याकाळ मायच्या बोटांना चोळते. तिचा हात असा इतका वेळ माझ्या हातात कधी होता ते आठवून पाहिलं. आठवलं नाही. ती मुकाट्याने हात देते, पण नजर टीव्हीवर.

बोटांची टोकं काळपट दिसतात. म्हणाली, शेवंताबाईंच्या परसातली कच्ची केळी चिरली, चीक लागला. आज परत कच्च्या केळ्यांची भाजी. हिला ही भाजी एवढी कधी आवडत नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

परत केंद्रात. परत बोटं नाहीत. शिवाय नवीन अडचण.

"ताई, तुमच्या पत्त्यावर आक्कांना घ्यायचं तर तुमचं नातं दाखवणारा कागद लागेल."

"मी त्यांची मुलगी आहे."

"ते मला माहीत आहे. मशीनला नाही."

घरी येऊन मायची पेटी आणि माझी फाइल दोन्ही जमिनीवर मांडली. माझ्या आधारवर यांचं नाव. मायच्या आधारवर आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. माझ्या मार्कशीटवर आबांचं. लग्नाच्या दाखल्यावरही वधूचा बाप तेवढा आहे. सारिका ही ताईबाईची मुलगी आहे, असं म्हणणारा एक कागद निघाला नाही.

माय ते पसरलेले कागद ओलांडून चुलीकडे गेली. "बठ्ठं आवर मंग. पाय ठेवाले जागा नई शे."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धुळ्याला जाऊन आले. आठवी ते दहावी मी मावशीकडे राहून तिथल्या शाळेत होते. वाटलं, शाळेच्या जनरल रजिस्टरात आईचं नाव असेल. पारोळ्यावरून बस, सगळीकडे कापसाच्या पळाट्या काढून ढीग लावलेले. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, भडगावची. मग म्हटलं, सुरतेची. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

शाळेतले क्लार्क प्रेमराज सर निवृत्तीला आले आहेत. धूळ झटकून रजिस्टर काढलं. माझं नाव सापडलं, निळ्या शाईत. जन्मगाव, जात, वडिलांचं नाव रुपचंद, व्यवसाय शेती.

"आईचं नाव त्या वेळी घेतच नव्हते, ताई. आता घेतात."

"मग आता लिहिता येईल का?"

"जुन्या रजिस्टरात नवीन काही लिहिता येत नाही," ते म्हणाले. मग चहा मागवला. फार चांगला माणूस.

मावशी गेली त्याला सहा वर्षं झाली. तिच्या घरावरून रिक्षा गेली, पण मी थांबवली नाही. यांना फोन केला, धुळ्यात आहे म्हणून. यांचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, भावकी सगळी तिथंच. वाटलं, म्हणतील जाऊन ये घरी. म्हणाले, "तिकडे जाऊ नको आत्ता." का, ते बोलले नाहीत. उन्हाची काळजी असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नात्याचा प्रश्न सुटला. हिलालच्या सांगण्यावरून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं पत्र घेतलं. ते दोन महिन्यांपूर्वी भंडाऱ्याहून बदलून आलेत. आम्हा दोघींकडे एकदा पाहिलं, सही केली, शिक्का मारला. आता सरकारदरबारी मी मायची मुलगी आहे. येताना दोघींनी रसवंतीवर उसाचा रस घेतला. मी आनंदात होते. माय म्हणाली, "त्या डॉक्टरले कसं समजनं?"

"नाक सारखं आहे म्हणाले."

"नाक तुन्हं आबानं शे," ती म्हणाली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शेवंताबाईंची मुलगी कामिनी बोदवडच्या सासरहून आली होती. पंधरा दिवस झाले तरी जायचं नाव नाही. तिचा नवरा नीट बोलत नाही, घरात असून नसल्यासारखा राहतो, असं तिनं मला ओट्यावर बसून सांगितलं. मी म्हटलं, पुरुष बोलत नाहीत गं, कामाचं डोक्यात असतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

आज शेवंताबाई मायचा सल्ला घ्यायला आल्या. माय गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आठ दिन पाव्हनी. नवव्या दिनले धाडी देवानी. एक घरमा दोन बाया मावतस नई, मंग ती माय ऱ्हावो का लेक."

"तुन्ही उनी शे ना?" शेवंताबाई म्हणाल्या. "पंधरा दिन व्हयनात."

"मन्ही कामले उनी शे."

कामिनी दुपारच्या गाडीने गेली. मायने तिला शेवयांची पिशवी बांधून दिली आणि स्टँडपर्यंत लंगडत गेली. परत येऊन मला म्हणाली, "जावाई काय म्हनतस?" रोज विचारते. मी रोज सांगते, मजेत आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी सुरतेच्या घरचा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. यांच्या मोबाइलवर लावला. वापीतच होते, काम निघालं म्हणाले. मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी बाई हसत होती. मालिका असेल. पूर्वी हे मालिका पाहत नसत. एकटं माणूस काय करणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नवल! आज रेशन दुकानात केवायसी होतं, मायने अंगठा ठेवला आणि मशीन पहिल्याच खेपेला बोललं. मी ग्लिसरीनची बाटली शेवंताबाईंना दाखवली. लगेच उद्याची हिलालकडची वेळ घेतली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दहातलं एकही बोट नाही. जाण्याआधी सकाळी ती परसात केळीपाशी बराच वेळ होती. परत चीक, परत काळी टोकं. हिलालने माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, घाई काय आहे? होळी होऊ द्या."

मला राग आला. त्याला काय, त्याचं घर इथंच आहे.

४ मार्च, मंगळवार

गल्लीत बिबड्यांना, ज्वारीच्या पापडांना, सुरुवात झाली. आज आमच्या ओट्यावर. सहा बायका, मोठं पातेलं, ज्वारीचा घाटा रटरटतोय. मायला उभं राहवत नाही म्हणून खुर्ची दिली होती. ती फक्त चाखायची आणि सांगायची: मीठ कमी, अजून शिजू द्या, आता थापा. तिने मान हलवल्याशिवाय कुणी पातेलं उतरवलं नाही. तिची बडबड, शिव्या, हसणं. एकीने विचारलं, "आक्का, पुढला साल कोन चाखी?" माय म्हणाली, "मन्ही पोरले इचारा. तिनं ठरायेल शे."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मला थापता येईना, कडा फाटत होत्या. शेवटी मी वाळलेल्या उलटवायच्या कामाला बसले. गच्चीवर एकटीच होते, खालून हसण्याचा आवाज येत होता. सुरतेला मी बिबड्या विकत आणते.

माय तिथं बागेतल्या बायकांशी बोलेल, असं मी लिहिलं होतं. त्यांच्यापैकी एकीचंही नाव मला माहीत नाही.

९ मार्च, रविवार

यांचा फोन आला. त्यांनी आपणहून केलेला, महिन्यातला पहिला.

"तुझ्या आधारला तुझा नंबर जोडून घे आता. माझ्याकडे नको येऊ देऊ ते आकडे."

मी म्हटलं, घेते. मग म्हणाले, सुरतेचा फ्लॅट सोडला. भाडेकराराची मुदत फेब्रुवारीअखेर संपली, नवा केला नाही. एका माणसासाठी कशाला दोन दोन ठिकाणी भाडं. त्यांनी त्यांचा पत्ता वापीचा करून घेतला आहे, रेशनकार्डही तिकडे हलवलं आहे.

"माझं नाव?"

"तुझं तू ठरव, म्हणून ठेवलं नाही. सामान टेम्पोने पाठवतो. कुठं पाठवू ते सांग."

मी विचारलं, मायसाठी जाळी बसवली होती ती? ते म्हणाले, कुठली जाळी?

मग म्हणाले, "तुला माहीत होतं, सारिका." मला माहीत नव्हतं. लिहिताना मागची पानं चाळली. मला माहीत नव्हतं असं म्हणणं कठीण आहे.

१० मार्च, सोमवार

कुणाला सांगितलं नाही. रूपाला फोन लावला, तिने उचलला, आणि मी तिला हवेबद्दल विचारलं. बंगळुरूत ढग आहेत.

माझा पत्ता लिहायची वेळ आली तर काय लिहायचं? आधारवरच्या घराला आता दुसऱ्याचं कुलूप आहे. इथल्या कार्डावर मी चोवीस वर्षांपूर्वी होते. वापीला मला ठेवलेलं नाही. दिवसभर गच्चीवर बसून बिबड्या डब्यात भरल्या. माय दोनदा म्हणाली, तोंड का उतरलंय. मी म्हटलं, ऊन लागलं.

११ मार्च, मंगळवार

सकाळी उठले तर माय परसात दगडावर बसून बोटं घासत होती. गोडेतेल, मग राख, मग साबण. एकेक बोट धरून.

"चाल," ती म्हणाली. "हिलालकडे जाऊत."

मी तिच्या बोटांकडे पाहत राहिले. टोकं स्वच्छ होती, गुलाबी, रेषा दिसत होत्या. मग मला एकदम कळलं. केळीचा चीक वाळला की कातडीवर पापुद्रा धरतो. प्रत्येक वेळी हिलालकडे जायच्या आधी. आणि रेशन दुकानात नाही.

"माय, तू मुद्दाम..."

"हा, मुद्दाम. मंग? तोंडतून नई म्हनाले जीभ वळत नई व्हती. तू इतली दूरथून उनी." तिने पदराला हात पुसले. "माले नई जानं व्हतं. पन काल तू गच्चीवर बसेल व्हती, मी खालथून देखं. तू मन्हा गुडघासाठे नई उनी शे. तुले तठे कोनी नई शे. येस मी तुन्हासंगे. दोन-चार साल काय, कोठेबी निघतस."

ती माझ्यासोबत यायला तयार झाली होती. मला एकटीला करमत नाही म्हणून. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, तिचा ओटा, तिचं पातेलं, सगळं सोडून. त्याच वेळी मला बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मला नेमकं तेच हवं होतं ना, ते ऐकत बसले. लाज वाटते लिहायला, पण केंद्रापर्यंत मी तिचा हात धरून चालले आणि सुखात होते.

दहाही बोटं पहिल्या खेपेला उमटली. हिलालने चष्मा काढून मायकडे पाहिलं. "आक्का, नक्की?"

"दाब रे तू."

पत्त्याचा अर्ज आणि नाव कमी करण्याचा अर्ज, दोन्ही भरले. छापील पावतीवर नवा पत्ता आला: सुरत, इमारत, मजला, दाराचा नंबर. नसलेलं घर. मी पावतीची घडी केली.

माय पुढे गेल्यावर परत फिरून हिलालला विचारलं, अर्ज मागे घेता येतो का.

"उद्या अकराच्या आत सांगा. मग मी वर पाठवतो. गेलं की आक्का इथल्या राहत नाहीत." तो थांबला. "ताई, काही झालंय का?"

मी म्हटलं, काही नाही.

१२ मार्च, बुधवार

सकाळचे सव्वानऊ. गल्लीत पोरं होळीसाठी गोवऱ्या मागत फिरताहेत. माय शेवंताबाईंना आपल्या बरण्या देऊन आली. लोणच्याची, मेतकुटाची, आणि घाट्याचं मोठं पातेलंही. "पुढला साल तू चाख," असं सांगून आली. आता जमिनीवर बसून लुगडी बांधते आहे. काय न्यायचं आणि काय नाही, मला विचारते. मी उत्तर देते. हे ने, ते राहू दे. जणू कपाट आहे तिथं ठेवायला.

ती काय म्हणेल, मला माहीत आहे. कामिनीबद्दल तिनं जे सांगितलं, त्यात माझ्यासाठी वेगळं काही असेल असं वाटत नाही. तिनं आबा गेल्यावर आठ वर्षं या दोन खोल्यांत कुणाला रात्रीपुरतंही ठेवून घेतलं नाही, स्वतःच्या बहिणीलाही नाही. चूल माझी आहे, असं म्हणते. आणि ती माझ्याबरोबर दुसऱ्या राज्यात यायला तयार झाली, कारण तिथं ती माझ्या घरी असती. मी तिच्या घरी असणं ही गोष्ट निराळी. सुरतेला येणं तिनं कबूल केलं आहे. हे नाही करणार.

शिवाय मी खोटं बोलले. काल दिवसभर, तिची बोटं त्या काचेवर असताना.

पावणेदहा झाले. तिने एक गाठोडं बांधून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याला हात घातला. मी पेन ठेवून तिच्या पुढ्यात जाऊन बसले. मग परत येऊन हे लिहिते आहे, कारण बोलताना शब्द पुढेमागे झाले आणि तिला नीट समजलं की नाही, कळलं नाही. तिने हात थांबवला आहे. मी काय बोलले ते इथं तरी धड लिहून ठेवते:

"माय, सुरतेचं घर राहिलं नाही. तू नको येऊ. मला तुझ्याजवळ राहू दे. आठ दिवस नाही, कायमची. तुझ्या कार्डावर माझं नाव चढव."